पुणे-मुंबईचे गोल्फ कोर्स आणि क्लबांचं ॲफिलिएशन, पाहुणा म्हणून खेळायला कुठे परवडतं

क्लबची मेंबरशिप घेताना ती ॲफिलिएटेड (म्हणजे एकमेकांच्या मेंबरांना सोयी देणाऱ्या) क्लबांची लांबलचक यादी हातात देतात ना, दिल्ली कोलकाता बंगलोर आणि वर परदेशातले काही, ती यादी बघून अजिबात भुलू नका हे मी प्रत्येक नवीन गोल्फरला सांगत असतो. त्यातल्या बऱ्याच क्लबांकडे मुळात गोल्फ कोर्सच नसतो, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांचं ॲफिलिएशन कधीकधी रूम, डायनिंग, बार आणि पूल एवढ्यापुरतंच असतं. गोल्फचं वेगळं ठरलेलं असतं किंवा काहीच ठरलेलं नसतं. पाहुण्याला कोर्स किती यार्डांचा आहे यापेक्षा कुठल्या वारी, किती वाजता आणि कुणाबरोबर टी ऑफ (खेळ सुरू करायची पाळी) मिळतो यावर सगळं अवलंबून असतं, आणि हे ब्रोशरमध्ये कुठेच छापत नाहीत.

मी पुण्यात राहतो, हँडिकॅप १४ च्या आसपास (म्हणजे पारपेक्षा, कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, साधारण तेवढे जास्त लागतात), कामासाठी मुंबईला सारखं जाणं होतं, त्यामुळे इकडचे तिकडचे कोर्स पाहुणा म्हणून बऱ्यापैकी खेळून झालेत.

घरापासून सुरू करतो. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, एअरपोर्ट रोडवर, शहराच्या अगदी आत. १८ होल, चालायला सोपा, दोन्ही बाजूंनी जुनी मोठी झाडं, आणि तीच खरी अडचण. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) ज्याचा सरळ जात नाही त्याने इथे हायब्रिड (सरळ मारायला सोपी, आखूड काठी) काढावा, कारण एकदा झाडाखाली गेलात की बाजूला पंच करून बाहेर येण्यापलीकडे काही करता येत नाही. लांब मारणाऱ्याला इथे फारसा फायदा नाही, सरळ मारणाऱ्याला आहे, म्हणून मला हा कोर्स मनापासून आवडतो. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचाही असल्यामुळे मधूनच सुखोई जोडीने वरून जातात, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) पटसाठी, म्हणजे बॉल होलात ढकलायच्या फटक्यासाठी, उभे असाल तर पोटात हादरतं, अशा वेळी सरळ बाजूला व्हायचं, आवाज ओसरू द्यायचा आणि मग पुन्हा लाइन बघायची. इथले कॅडी (बॅग वाहणारे मदतनीस) विमान दिसायच्या आधीच हात वर करून थांबवतात. टोकियो ऑलिम्पिक खेळलेला उदयन माने पुण्याचाच, आणि प्रोफेशनल टूरची पुणे ओपन याच कोर्सवर झालेली आहे, अशा स्पर्धेनंतरच्या आठवड्यात ग्रीन्स फार सुंदर असतात, त्या वेळी कुणी मेंबर बोलावत असेल तर इतर कामं पुढे ढकला.

ऑक्सफर्ड हा एकदम दुसऱ्या टोकाचा अनुभव. बावधनच्या पुढे लवळ्याच्या डोंगरात, पार ७२, चढउतार एवढे की कार्टशिवाय विचारच करू नका. दृश्य अप्रतिम आहे, पावसाळा संपता संपता सगळा डोंगर हिरवा असतो तेव्हा तर बघतच राहावंसं वाटतं, पण कोर्स म्हणून तो मोठ्या हिटरचा आहे. खाली उतरणाऱ्या होलवर किती कमी पल्ल्याचा क्लब (गोल्फची काठी) घ्यायचा हे पहिल्या राउंडला कळतच नाही, म्हणून मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळायचा हट्ट धरू नका, एक टी पुढे या आणि मजा घ्या. रिसॉर्ट असल्यामुळे बाहेरच्या माणसाला बुकिंगची सोय असते आणि वागणूक चांगली मिळते, वीकेंडला रेट चढतो. रोज खेळायला मी येरवडाच निवडीन, बाहेरगावच्या मित्रांना एकदा दाखवायला मात्र इथेच आणीन.

आता मुंबई. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ पासूनचा क्लब, आणि माझ्या मते मुंबईतला सगळ्यात पूर्ण कोर्स, म्हणजे बॅगेतला प्रत्येक क्लब बाहेर काढावा लागतो. पुणेकरांनी एक लक्षात ठेवायचं, आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर खेळतो, पातळ हवेमुळे बॉल थोडा जास्त जातो, १५० यार्डाच्या शॉटला ३ यार्डाचा वगैरे फरक, म्हणजे हवेचा फरक तसा छोटाच, पण चेंबूरला त्यात भर म्हणून दमट हवामानातलं गवत असतं, बॉल पडला की धावत नाही, तिथे दोन्ही मिळून एका क्लबचा फरक होतो. ग्रीनवर गवताचा कल जबरदस्त. तीन फुटांचा पट, डोळ्याला सरळ दिसत होता, कॅडी म्हणाला साहेब कपाच्या डाव्या काठाच्या बाहेर मारा, आणि चप्पल घातलेल्या पायाने त्याने गवत कुठे झोपलंय ते दाखवलं, एका बाजूने बघितलं तर चमकतं आणि दुसरीकडून गडद दिसतं. त्याचं ऐकलं, बॉल आत. हे अंतर मोजणारं कुठलंही रेंजफाइंडर सांगत नाही.

विलिंग्डन म्हणजे हाजीअलीजवळ शहराच्या पोटात १८ होल, हेच मुळात आश्चर्य आहे. लॉर्ड विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर असताना हा क्लब निघाला तो भारतीय आणि इंग्रज दोघांनाही प्रवेश देणारा म्हणून, त्या काळात शहरातले बडे क्लब भारतीयांना आत घेत नव्हते. कोर्स छोटा आणि अरुंद आहे, वेजचं (जवळच्या, उंच फटक्याच्या क्लबचं) काम जास्त, होल एकमेकांना इतके चिकटून की ‘फोर’ (बॉल येतोय, सांभाळा) असं ओरडायची लाज बाळगू नका. मेंबरशिप मिळणं जवळजवळ अशक्य, तेव्हा कुणी मेंबर मित्र असेल तर पाहुणा म्हणून एकदा खेळून घ्या. कुलाब्याच्या यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लबला समुद्र आणि वारा, दुपारनंतर वारा सुटला की सकाळचा ७ आयर्न ५ आयर्न होतो, म्हणजे तेवढ्याच अंतराला जास्त पल्ल्याचा क्लब लागतो. नौदलाच्या परिसरातला कोर्स आहे, ओळखपत्र बरोबर हवंच, गेटवर वेळ जातो तो धरून निघा. पुण्यातल्या आर्मीच्या कोर्सवरही तेच, आपलं ॲफिलिएशनचं पत्र तिथे चालतंच असं नाही, ओळखीचा ऑफिसर असेल तर आधी त्याला विचारा.

आणि खारघर. यावर मला जास्त बोलायचंय कारण लोक या कोर्सबद्दल उगीच नाक मुरडतात. सिडकोने २०१२ मध्ये सुरू केला, तेव्हा ११ च होल होते, डोंगराच्या कुशीत, पांडवकड्याच्या बाजूला. मेंबरशिप नाही, शिफारसपत्र नाही, पैसे भरा आणि खेळा. महाराष्ट्रात गोल्फ शिकायची इच्छा असलेल्या पण क्लबच्या वेटिंग लिस्टमध्ये आयुष्य घालवायची तयारी नसलेल्या माणसाला हाच खरा दरवाजा आहे. मी तिथे खासगी टॅक्सीचा ड्रायव्हर असलेला तरुण, कॉलेजचा एक मुलगा आणि एक रिटायर्ड बँकवाले काका अशा फोरबॉलमध्ये (चौघांच्या गटात) खेळलोय आणि गप्पांना इतकी मजा कुठल्याच क्लबहाऊसमध्ये आलेली नाही. चढ आहेत, दमायला होतं, पावसाळ्यात फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) मऊ झाल्यावर बॉल रुतून बसतो, हे सगळं मान्य. पण असे आणखी चार कोर्स राज्यात असते तर गोल्फ बड्यांचा खेळ ही तक्रारच उरली नसती. नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदान म्हटलं की लोकांना रणजीचं क्रिकेट आठवतं, गोल्फ नाही, यावरूनच कळतं सार्वजनिक जागेवर हा खेळ किती कमी टिकलाय.

गोव्याबद्दल थोडक्यात, काणकोणला राजबागच्या रिसॉर्टमध्ये ९ होल आहेत, दोन वेगवेगळ्या टीवरून तेच दोनदा खेळायचे. फॅमिली घेऊन गेलात आणि सकाळी लवकर एक राउंड करायचाय तर मस्त, फक्त गोल्फसाठी एवढ्या लांब जाऊ नका.

आता पत्राची भानगड. एका शहरातल्या नामांकित क्लबात मी होम क्लबचं शिफारसपत्र, मेंबरशिप कार्ड, सगळं घेऊन गेलो, त्याआधी फोनवर गोल्फ चालेल असं स्पष्ट सांगितलं होतं, आणि सकाळी स्टार्टर (पहिल्या टीवरून क्रमाने सोडणारा माणूस) म्हणाला ॲफिलिएशन फक्त निवासाचं आहे, गोल्फला मेंबर बरोबर लागतो. बॅग विमानाने आणलेली, दिवस वाया. क्लबाचं नाव सांगत नाही, पण हे एका क्लबापुरतं नाही, बऱ्याच ठिकाणी रिसेप्शन एक सांगतं आणि गोल्फ ऑफिस दुसरंच. तेव्हा चौकशी थेट गोल्फ ऑफिसला करा आणि उत्तर ईमेलवर लिहून घ्या, त्यात तीन गोष्टी हव्यात, पाहुण्याला एकट्याने खेळता येतं का, वीकेंडला किती वाजल्यानंतर, आणि ग्रीन फी (एका राउंडचे पैसे) पाहुण्याची लागणार की ॲफिलिएटेड मेंबरची. या शेवटच्या दोन फींमध्ये भरपूर अंतर असू शकतं. पत्राला मुदत असते, आणि होम क्लबचं बिल थकलेलं असेल तर पत्र मिळतच नाही. बऱ्याच क्लबांत रोख घेत नाहीत. कॉलरचा टीशर्ट, सॉफ्ट स्पाइकचे बूट, जीन्स नको, हे सगळीकडे सारखं.

हँडिकॅपचं सर्टिफिकेटही बरोबर ठेवा, आणि तिथल्या बोर्डावर स्लोप (साधारण खेळाडूला कोर्स किती अवघड याचा आकडा) बघून आपला कोर्स हँडिकॅप काढा. इंडेक्सला, म्हणजे आपल्या हँडिकॅपच्या आकड्याला, स्लोपने गुणायचं आणि ११३ ने भागायचं, मग कोर्स रेटिंग (तरबेज खेळाडूला तिथे लागणारे फटके) वजा पार हा फरक मिळवायचा. तो फरक शून्य धरला तर माझ्या १४ चे १२५ स्लोपला १५ होतात आणि १३५ ला १७. पैजेच्या फोरबॉलमध्ये हे दोन शॉट सोडून देऊ नका, यजमान आपले घेतातच.

कॅडीचे पैसे मात्र पहिल्या टीवरच विचारून घ्या. पाहुण्याकडून किती घ्यायचे हे बहुतेक क्लबांत कुठेही लिहिलेलं नसतं, त्यामुळे शेवटी पार्किंगमध्ये दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. आंधळ्या होलवर (टीवरून बॉल कुठे पडतो ते दिसत नाही अशा) पुढे उन्हात उभा राहून तुमचा बॉल शोधणारा आगेवाला असेल तर त्याचेही वेगळे द्या, तो हिशोब कॅडीवर सोडू नका. क्लबांनी हा रेट स्टार्टरच्या टेबलावर मोठ्या अक्षरात लावावा, ग्रीन फीच्या अगदी शेजारी, एवढी मागणी मी प्रत्येक क्लबच्या सूचना वहीत लिहून येतो.