मोसुलला सल्लागार पाठवणारी अंधेरीची कन्सल्टन्सी, माझा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

मुंबईत पाण्याच्या लाइनींवर २६ वर्षं काढली, आणि २०१९ मध्ये अंधेरी ईस्टच्या एका कन्सल्टन्सीतर्फे तीन महिने इराकला, मोसुलला पाण्याचा सल्लागार म्हणून जाऊन आलो. इंजिनियर मित्र सारखे विचारतात जाऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहितो. फर्मचं नाव टाकत नाहीये.

मोसुल जून २०१४ पासून तीन वर्षं आयसिसच्या ताब्यात होतं, लढाईत टायग्रिसच्या पश्चिमेचं जुनं शहर पार जमीनदोस्त झालं. अशा ठिकाणी पाणी, वीज, शाळा, दवाखाने आधी चालू करतात, यूएनडीपीने (संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था) त्यासाठी २०१५ मध्ये वेगळा फंड सुरू केला, कारण नळाला पाणी नसेल तर छावणीतला माणूस घरी कशाला परत येईल?

निवड मस्त केली त्यांनी. डिग्रीवर दोन मिनिटं, मग थेट प्रश्न, एकाच लाइनवर दोन वस्त्या, वरचे मोटर लावून पाणी खेचतात, खाली थेंब नाही, काय कराल? म्हटलं आधी तिथला चावीवाला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा, शोधेन, नकाशा नंतर. तिथेच काम झालं. एक रुपया मागितला नाही, आणि जो मागेल तिथून सरळ उठून या.

मग फॉर्म आला. अपहरण झालं तर तुम्ही जिवंत आहात हे पटायला असे प्रश्न लिहा ज्यांची उत्तरं फक्त घरच्यांना माहीत असतील. मी आणि बायको रात्री जेवणाच्या टेबलावर बसलो, तिने पहिला लिहिला, आपल्या पहिल्या खोलीत पाणी किती वाजता यायचं, आणि पेन खाली ठेवलं. २०१४ ला मोसुलमध्येच पळवलेल्या आपल्या ३९ कामगारांची बातमी तिच्या डोक्यात होती, ते मारले गेल्याचं २०१८ ला कळलं होतं. पण फॉर्म घेतात हे चांगलंच, चार दिवसांचं ट्रेनिंगही खरंच उपयोगी, एका हाताने स्वतःच्या दंडाला टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, बांधायला शिकलो.

आता एक स्टार का कापला ते. विम्याची पॉलिसी मी स्वतः वाचली तर आत चक्क लिहिलेलं, युद्धामुळे झालेली इजा कव्हर नाही! मग मोसुलला कशाला लागते पॉलिसी? भांडलो तेव्हा बदलून दिली, पण माझ्याबरोबरच्या दोघांनी न वाचताच सही केलेली. तुम्ही प्रत्येक पान वाचा. शेवटच्या महिन्याचे पैसेही पाच महिने लटकवले.

दुसरा स्टार तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टचा. पहिला महिना परवानग्यांत आणि सिक्युरिटीच्या होकारात गेला. तिथेही घरोघरी मोटरी, लाइट गेली की गल्लीच्या जनरेटरवर, त्याचं बिल अँपियरवर, लाइनीत प्रेशर नाही की गटाराचं पाणी आत, अगदी आपल्यासारखंच. एका भागाचे नकाशे जळालेले, गाडलेले व्हॉल्व्ह फक्त एका म्हाताऱ्या ऑपरेटरला माहीत, सगळे त्याला हज्जी म्हणायचे. दीड महिना तो नुसता चहा पाजत होता, मग एक दिवस काठीने ढिगाऱ्यावर टोकून म्हणाला इथे खणा, आणि खरंच व्हॉल्व्ह निघाला. तो बोलायला लागला आणि माझी बॅग भरायची वेळ आली, माझ्या जागी आलेला पुन्हा चहापासून सुरू.

कमीत कमी सहा महिने मागा, मिळत नसतील तर आधीच्या सल्लागाराबरोबर पंधरा दिवस तरी तिथे एकत्र मागून घ्या, लेखी.