लोहाराकडून घडवून घेतलेला जड सत्तूर : कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

धारेचा एकही टवका उडालेला नाही. कित्येक महिने हाडांवर आणि सांध्यांवर चालवल्यानंतर या सत्तुराबद्दल पहिली गोष्ट सांगायची तर हीच. टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकापासून, दोन बोटं पुढे धार एकदा जराशी चेपली होती. दगडावर थोडा वेळ फिरवली, चेप गेला. चेप पडणं आणि टवका उडणं यांत फार फरक आहे. चेप थोड्या घासणीत निघतो. टवका उडाला की त्याच्या खोलीपर्यंत सगळं पातं घासत बसावं लागतं. आधीचा, तयार घेतलेला सत्तूर याच दुखण्यापायी बाजूला पडला. दिसायला चकचकीत होता, पण धारेत दात पडले होते.

मापं सांगून टाकतो. पातं 21 सेंमी लांब, 10 सेंमी रुंद. पाठ मुठीजवळ 8 मिमी जाड आणि टोकाकडे 5 मिमीपर्यंत उतरत गेलेली. मुठीसकट वजन किलोच्या किंचित वर. पोलाद 5160, म्हणजे गाड्यांच्या कमानपाट्यांना वापरतात त्या जातीचं: कार्बन 0.6 टक्क्याच्या आसपास, क्रोमियम 0.7 ते 0.9 टक्के. गंज न धरणाऱ्या पोलादात क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागतं, तेव्हा हा सत्तूर गंजणार हे धरूनच घ्यावं. बरेच जण भंगारातला जुना कमानपाटा तोडून सत्तूर करतात. आमचे लोहारकाका नवी पट्टी आणतात. वर्षानुवर्षं वाकून थकलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, आणि तापवून तेलात बुडवताना त्या उघड्या पडतात. हे मला पटलं.

घडवताना मी तिथे उभा होतो, आणि माझं ठाम मत झालंय की हा सत्तूर असा निघाला यात त्या वर्कशॉपच्या मांडणीचा फार मोठा वाटा आहे. भट्टी आणि ऐरण यांच्यात एक पाऊल आणि एक वळण, एवढंच अंतर. सांडशा भट्टीच्या बाजूलाच, तोंडाच्या घडणीप्रमाणे टांगलेल्या: चपट्या पट्टीच्या एकीकडे, गोल सळीच्या दुसरीकडे. हातोड्यांचे दांडे सगळे एकाच दिशेला. जमिनीवर तुकडा नाही, तापलेल्या लोखंडावरून सुटणारी खपली नाही, पायात येणारी वायर नाही. भट्टीचा कोपरा मुद्दाम अंधारा ठेवलेला, कारण भगभगीत उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. घासायचं मशीन पार दुसऱ्या टोकाला आणि तिथे मात्र लख्ख उजेड.

हे नुसतं नीटनेटकेपणाचं कौतुक नाही. पट्टी भट्टीतून नारिंगी-पिवळी बाहेर येते तेव्हा साधारण 1100 अंश सेल्सिअसला असते. ती लालसर काळवंडायला लागली की घाव थांबवायचे. थंडावलेल्या पोलादावर हातोडा चालवला तर आत भेगा पडतात. मधे मिळणारा वेळ अर्ध्या-पाऊण मिनिटाचा, आणि धारेकडची बाजू पातळ असल्याने ती त्याहूनही लवकर निवते. त्यात सांडशी शोधण्यात दहा सेकंद गेली तर तो ताव, म्हणजे ती एक तापवणी, फुकट गेला. पुन्हा तापवा. आणि प्रत्येक जादा तावाला पोलाद काहीतरी गमावतं: पृष्ठभागावरचा कार्बन जळतो, खपल्या सुटून माल कमी होतो, आतले कण मोठे होतात. मोठ्या कणांचं पोलाद ठिसूळ. म्हणजे हत्यारं शोधण्यात गेलेला वेळ शेवटी धारेत उतरतो. काकांच्या हातून एकही ताव वाया गेलेला मी पाहिला नाही.

सुरुवातीलाच त्यांनी एक जाड लोखंडी ठोकळा लाल करून ऐरणीवर ठेवून दिला. थंड ऐरण पट्टीतली उष्णता शोषून घेते, म्हणून ती आधी कोमट करून घ्यायची. मग पट्टी रुंद करायचं काम. घण मारणारा साथीदार समोर उभा. काका छोट्या हातोड्याने टिचकी देऊन जागा दाखवायचे आणि घण नेमका तिथेच पडायचा. दोघांत शब्द नाही. पट्टी पुरेशी रुंद झाल्यावर काकांनी ती चक्क उलट्या बाजूला, धारेच्या दिशेला वाकवली. मला उलगडा होईना. विचारलं तर म्हणाले, "थांबा, बघा आता." धारेची बाजू ठोकून पातळ करायला लागले तशी ती बाजू लांबत गेली आणि पातं पाठीकडे वळत वळत आपोआप सरळ झालं. आधी वाकवलं नसतं तर सरळ पट्टीचं केळ्यासारखं बाकदार पातं झालं असतं, आणि इतकं रुंद पातं नंतर सरळ करणं म्हणजे हातोड्यांचे वण आणि जादा ताव.

शेवटच्या तावांना ऐरणीवर पाणी शिंपडलं. तापलेलं पातं त्यावर ठेवून हातोडा मारला की फटाक्यासारखा आवाज होतो, खालचं पाणी एकदम वाफ होऊन खपल्या उडवून लावतं आणि पातं स्वच्छ, करडं निघतं. माझ्या सत्तुराच्या दोन्ही बाजूंवर तो करडा रंग वरच्या निम्म्या भागात तसाच ठेवलाय. घासून चकचकीत करू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं.

त्यानंतरचा टप्पा बघायला कंटाळवाणा, पण माझ्या मते सत्तुराचा जीव तिथेच आहे. पातं तीनदा लाल करून नुसत्या हवेत निवू दिलं, दर वेळी थोडी कमी उष्णता. यामुळे ठोकण्यात वाढलेले कण पुन्हा बारीक होतात आणि आतला ताण जातो. मग कडक करण्याचा ताव. पोलाद 770 अंशांच्या सुमारास चुंबकाला चिकटायचं थांबतं. काका दोरीला बांधलेलं चुंबक लावून बघतात, तिथून रंग किंचित पुढे नेतात, सव्वाआठशे-साडेआठशेपर्यंत, आणि मग पातं धार खाली करून सरळ तेलात. तेलाची टाकी भट्टीच्या शेजारी, झाकण हाताशी, कारण वर ज्वाला उठतेच. तेल आधीच कोमट केलेलं, म्हणजे ते पातळ होऊन पात्याला सगळीकडून सारखं लागतं. बाहेर काढून धारेवर कानस फिरवली तर काचेवर फिरवावी तशी घसरली.

अशा अवस्थेतलं पातं आपटलं तर फुटूही शकतं. म्हणून त्याच दिवशी ते ओव्हनमध्ये गेलं, सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या मधे, दोन-दोन तास, दोन वेळा. शेवटी पाठ वेगळी तापवून निळसर होईपर्यंत नरम केली. तेवढा वेळ धार ओल्या फडक्यात. पातळ सुरीचं पोलाद 60 रॉकवेलच्या (कडकपणा मोजायचं माप) वर कडक ठेवता येतं, पण हाडावर पडणाऱ्या सत्तुराला 55-56 पुरे. टवका न उडता चेप पडतो तो याचमुळे.

आता वापराबद्दल. वजन कामाचं आहे: मनगटाने जोर लावावा लागत नाही, उचलायचा आणि सोडायचा. तोल मुठीच्या बराच पुढे, त्यामुळे घाव पात्याच्या मधल्या भागात घेतला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. टाचेजवळ घेतला तर येतात. सांध्यात एका घावात उतरतो, जाड नळीला दोन लागतात. धारेचा कोन दर बाजूला 25 अंश आहे आणि बाजू किंचित फुगीर; याहून पातळ केली तर धार टिकणार नाही, म्हणून मी 400च्या (भरड कणांच्या) दगडावर कोन जपून आणि मग 1000च्या (बारीक कणांच्या) दगडावर हलका हात, एवढंच करतो. गोठून दगड झालेल्या मांसावर मी तो घालत नाही. खाली उभ्या तंतूंचा लाकडी ओंडका. संगमरवर किंवा स्टीलच्या ओट्यावर कुणी सत्तूर चालवताना दिसलं की मला खरोखर वाईट वाटतं.

तक्रार मुठीची आहे. लाकूड चांगलं होतं, पण पुरेसं वाळलेलं नसावं. कोरडी हवा सुरू झाल्यावर ते आकसलं आणि एका बाजूला मुठीच्या आतून जाणारा पात्याचा लोखंडी पट्टा नखाला लागेल इतका वर आला, दोन रिव्हेटही. हाताला टोचत होतं. लोहारकाकांनी विनातक्रार घासून, जवसाचं तेल पाजून दिली, तरी इतक्या काळजीने घडवलेल्या पात्याला मूठही तितकीच मुरलेल्या लाकडाची हवी होती. जवसाचं तेल घरी लावणार असाल तर एक लक्षात ठेवा: ते सुकताना तापतं, आणि तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गंजाचं म्हणाल तर, धुतला की लगेच पुसायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. लिंबू किंवा आंबट काही लागलं की पातं काळं-निळं पडतं. तो रंग मी घालवत नाही, कारण त्या थरावर तांबडा गंज उशिरा धरतो. दमट महिन्यांत रात्रभर ओला राहिला तर मात्र सकाळी तांबडे ठिपके दिसणारच. ज्याला रोज पुसायचा कंटाळा आहे किंवा ज्याचं मनगट दुखरं आहे त्याने हा घेऊ नये. भाज्या आणि बिनहाडाचं मांस कापायला याच्या निम्म्या वजनाचं, पातळ पात्याचं हत्यार बरं. ज्याला हाडांचं काम नेहमी आहे, त्याने मात्र घडवून घ्यावा, आणि मुठीचं लाकूड किती दिवस वाळवलंय हे आधी विचारून घ्यावं.