पिगफेस की रेव्हको: आधी कोणाला ऐकावं?

नाइन इंच नेल्स, मिनिस्ट्री हे इंडस्ट्रियल रॉकवाले बँड ऐकून झाले, आता यांच्या गोतावळ्यात आणखी कोण, असं विचारणाऱ्याला दोन नावं हमखास सांगितली जातात. दोन्ही शिकागोच्या वर्तुळातली. एक पिगफेस, दुसरं रिव्होल्टिंग कॉक्स. दुसऱ्याला चाहते रेव्हको म्हणतात, आणि घरात मोठी माणसं असतील तर तेच सोयीचं.

माणसं पाहून निवडायला जाल तर फसाल, कारण ती बरीचशी तीच आहेत. क्रिस कॉनेली इथेही गातो, तिथेही. ड्रमर बिल रीफ्लिन दोन्हीकडे. फरक आहे तो घर कोण चालवतं याचा.

रेव्हको हे एका कर्त्याचं घर: मिनिस्ट्रीच्या अल जोर्गेन्सनचं. 1985च्या सुमारास तो, बेल्जियमच्या फ्रंट 242 या इलेक्ट्रॉनिक बँडचा रिचर्ड 23 आणि बेल्जियमचाच लुक व्हान अकर एकत्र आले. ‘बिग सेक्सी लँड’ 1986मध्ये शिकागोच्या वॅक्स ट्रॅक्स लेबलवर निघाला. त्यात यंत्राचा गार, एकसुरी ठोका आहे आणि त्याखाली जाड बास. चाल सापडली की ती सोडायचीच नाही, हा खाक्या. पुढे रिचर्ड बाहेर पडला, कॉनेली आला आणि टवाळी वाढली. 1990च्या अल्बमवर ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या ‘फिजिकल’ची आणि 1993च्या अल्बमवर रॉड स्ट्युअर्टच्या गाजलेल्या डिस्को गाण्याची त्यांनी यथेच्छ वाट लावली आहे. शब्द मात्र आंबटशौकी. काही गाणी आज कानाला खटकतात, मला तरी. त्यानंतरचा अल्बम थेट 2006चा. तो आणि त्यापुढचे सोडून दिलेत तरी चालेल.

पिगफेस म्हणजे जत्रा. मिनिस्ट्रीच्या 1989-90च्या दौऱ्यात रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये तारेची जाळी असायची आणि मागे दोन ड्रमर: रीफ्लिन आणि मार्टिन अ‍ॅटकिन्स. अ‍ॅटकिन्स त्याआधी पब्लिक इमेज लिमिटेड या ब्रिटिश बँडमध्ये वाजवून आलेला. दौरा संपला तरी या दोघांची खुमखुमी संपली नाही; त्यातून पिगफेस उभं राहिलं. येईल त्याने गावं, वाजवावं, निघून जावं. पहिला अल्बम ‘गब’ 1991चा, ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीचं, त्यामुळे ढोल अगदी छातीवर येतात. स्किनी पपी या बँडचा ओगर त्यात आहे आणि नाइन इंच नेल्सचा ट्रेंट रेझ्नरही. रेझ्नरने गायलेलं ‘सक’ हेच नाइन इंच नेल्सने 1992च्या ‘ब्रोकन’साठी पुन्हा केलं. दोन्ही लागोपाठ ऐका. पिगफेसचं नुसतं हाडांचा सापळा आहे, रेझ्नरने त्यावर मांस चढवलं. मला सापळा जास्त आवडतो.

पण जत्रेत हरवायलाही होतं. पिगफेसचा कुठलाही स्टुडिओ अल्बम मला सलग बांधून ठेवत नाही. एक गाणं अंगावर येतं, पुढचं गंमत म्हणून केल्यासारखं. त्यांची खरी कारकीर्द रस्त्यावरची. अ‍ॅटकिन्सने स्वतःच्या इनव्हिजिबल लेबलवर अल्बम काढले, दौरे केले आणि पुढे दौरे कसे करावेत यावर पुस्तकच लिहिलं. त्यामुळे ‘गब’नंतर स्टुडिओकडे न वळता 1991चाच लाइव्ह अल्बम ‘वेलकम टू मेक्सिको’ घ्या.

तर निवड? ठेका हवा असेल, डेपेश मोड किंवा फ्रंट 242 आवडत असतील, तर ‘बिग सेक्सी लँड’. ढोलांसाठी आणि रेझ्नरच्या ओढीने येत असाल तर ‘गब’. शब्दांवर जीव असेल तर दोन्ही ठेवा बाजूला आणि लार्ड हा बँड लावा. तिथेही जोर्गेन्सनच आहे, पण माइक डेड केनेडीज या पंक बँडच्या जेलो बियाफ्राच्या हातात. त्यांच्या 1989च्या पहिल्या ईपीत (म्हणजे मोजक्या गाण्यांच्या रेकॉर्डमध्ये) मात्र एकच गाणं अर्ध्या तासाचं आहे. ते पहिल्याच दिवशी लावू नका.