ईएसआयच्या कार्डावर मानसोपचार: पाचपैकी चार तारे

ईएसआयच्या, म्हणजे पगारातून पैसे कापून मिळणाऱ्या कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डावर मानसोपचाराचा डॉक्टर मिळतो का, असं आमच्या नाशिकच्या पवननगरमधल्या बायका मला बाजूला घेऊन विचारतात. मिळतो, आणि चांगला मिळतो. सगळं एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे कुणाला असं कुजबुजत विचारायला नको.

माझा धाकटा भाऊ अंबड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटला, म्हणजे धातू तापवायच्या भट्टीवर आहे. त्याला बायपोलरचा आजार आहे. कधी रात्र रात्र झोप नाही, बोलणं थांबत नाही, उधारीवर नवा मोबाईल येतो, मित्रांना पार्ट्या दिल्या जातात. मग एकदम अंथरूण धरायचं, अंघोळसुद्धा नको. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करून घ्या. मामा म्हणाले, लग्न लावून द्या. आई दोन्हीला तयार होती. मी म्हटलं, आधी डॉक्टर.

सुरुवातीला कॉलेज रोडकडच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. निदान तिथेच झालं आणि ते बरोबर होतं. पण फी, रक्ताच्या तपासण्या आणि गोळ्या मिळून पगाराचा मोठा लचका जायचा, आणि हे औषध वर्षानुवर्षं चालणारं. अठरा हजारांत ते कुठून भागणार? काउंटरवर विचारलं, ईएसआय चालतं का, महात्मा फुले योजना चालते का? नाही म्हणाले. मग गंगापूर रोड, शरणपूर रोड, जिथला नंबर मिळाला तिथे फोन केला. सगळीकडे तेच उत्तर.

यात त्या दवाखान्यांचा दोष नाही. महात्मा फुले आणि आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण आहे ते दवाखान्यात भरती झाल्यावर, यादीतल्या ठरलेल्या उपचारांसाठी. दर महिन्याला डॉक्टरांना दाखवून गोळ्या आणायच्या, याला ते लागू पडत नाही, आणि मानसिक आजारात तर बहुतेक काम ओपीडीतच असतं. कंपनीच्या मेडिक्लेमचीही तीच गत. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला लावलं हे खरं, पण पॉलिसीत ओपीडीच नसेल तर क्लेम कशाचा करणार?

ईएसआयचं तसं नाही. ओपीडी, तपासण्या, औषधं, भरती, सगळं त्यात येतं आणि उपचाराच्या खर्चाला मर्यादा नाही. 21 हजारांपर्यंत पगार असेल तर पगारातून पाऊण टक्का कापतात, कंपनी सव्वातीन टक्के भरते. भावाच्या स्लिपवर 135 रुपये कापलेले दिसतात, कंपनीचे 585 त्याशिवाय. ठेकेदाराकडे असलात तरी स्लिप मागून बघा. कितीतरी घरांत हे पैसे नुसते कापले जातात आणि कार्ड पाकिटात पडून राहतं. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

थेट तज्ज्ञाकडे मात्र जाता येत नाही. कार्डाला जो दवाखाना लावून दिलेला असतो, तिथून आधी चिठ्ठी घ्यावी लागते. आमचं घोडं तिथेच अडलं. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहिली आणि "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून वाटेला लावायला लागले. मी खाजगी दवाखान्याची फाइल त्यांच्यापुढे उघडून ठेवली, निदानाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथून हलले नाही. मग चिठ्ठी झाली. तुमच्याकडे जुने कागद असतील तर न विसरता न्या, आणि सोबत घरचं एक माणूस जाऊ द्या. आजाराच्या भरात असलेला पेशंट स्वतःबद्दल "मी एकदम मस्त आहे" असंच सांगतो. चिठ्ठी कुठल्या दवाखान्याची मिळाली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण कार्डाप्रमाणे ते बदलतं.

चार तारे आहेत ते चिठ्ठीवरच्या दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमसाठी. त्यांनी आधी भावाला दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटं पसरून. बोटं बारीक थरथरत होती. मग विचारलं, "काम काय करतोस?" तो म्हणाला, भट्टीवर. भट्टीपासून किती लांब उभा असतोस, शिफ्टमध्ये पाणी किती पितोस, शर्ट भिजतो का, हल्ली जेवणात मीठ कमी केलंय का? मला कळेना, डोक्याच्या डॉक्टरांना मिठाचं काय पडलंय. मग त्यांनी समजावलं. त्याची लिथियमची गोळी रक्तात ठरावीक प्रमाणातच असावी लागते. घामावाटे अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की ते प्रमाण चढतं, आणि फार चढलं तर विषबाधा होते. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, यातलं काहीही दिसलं तर गोळी पुढे रेटायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. अंगदुखीला आयबुप्रोफेनसारखी गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने घ्यायची नाही, त्यानेही प्रमाण वाढतं. भट्टीवरची माणसं कंबर धरली की हीच गोळी सर्रास घेतात. आम्हाला हे तोवर कुणीही सांगितलं नव्हतं.

लिथियमची तपासणी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता करायची, हेही त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. सोबत किडनी आणि थायरॉइडची तपासणी. एक रुपया लागला नाही. प्रमाण वरच्या बाजूला आलं, त्यांनी डोस उतरवला आणि भट्टीपासून लांबचं काम द्यावं असं पत्र दिलं. सुपरवायझरने त्याला इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं. आता तो वेळेवर झोपतो. "ताई, डबा दे" म्हणून सकाळी तोच मागे लागतो.

रजेचं तर सगळ्यांना माहीत असायलाच हवं. आजारपणात घरी बसावं लागलं तर डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर ईएसआयकडून पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा लांबणाऱ्या आजारांना ते संपल्यावर वाढीव लाभ आहे, 80 टक्क्यांनी, आणि तो दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. त्याला सलग दोन वर्षांची नोकरी आणि वर्गणीच्या दिवसांची अट असते. हे कुणी आपणहून सांगत नाही. शाखा कार्यालयात जाऊन मागावं लागतं, आणि सर्टिफिकेटमध्ये एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका.

एक तारा कापला त्याची कारणं. मानसोपचाराची ओपीडी रोज नसते, त्या दिवशी भावाचा खाडा होतोच. औषधांच्या खिडकीवर एखादी गोळी शिल्लक नसते, "बाहेरून घ्या" म्हणतात. बिल आणि चिठ्ठी जपून ठेवली म्हणून आम्हाला परतावा मिळाला, पण बराच रखडला. या आजारात गोळी चुकली की माणूस पुन्हा घसरतो, त्यामुळे निदान ही औषधं तरी संपता कामा नयेत. आणि निवांत बसून बोलून घेणारं, समुपदेशन करणारं तिथे कुणी नाही. मॅडमच जमेल तेवढं बोलतात, पण बाहेर रांग असते. घरच्यांना, विशेषतः आईला, कुणाशी तरी बोलायची फार गरज होती.

ज्यांच्याकडे कार्डच नाही, घरकाम, रिक्षा, भाजीचा धंदा, त्यांनी त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलला मानसोपचार विभागात जावं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, केस पेपरचेसुद्धा पैसे नाहीत. पंचवटी-आडगावकडच्यांना मेडिकल कॉलेजची ओपीडी जवळ पडेल.

आणि 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर बोलता येणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये भरून ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आईला मी तोच लावून दिला होता. स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन ती बराच वेळ बोलली, आणि त्यानंतर नागबळीचा विषय तिने काढला नाही.