‘आतला रोल तुम्हाला फुकट’ : जुना फिल्म कॅमेरा घेताना कोल्हापुरात बसलेला चुना

जुना फिल्म कॅमेरा विकणारा माणूस ‘आत रोल घातलेलाच आहे, तो माझ्याकडून फुकट’ असं म्हणाला, तर पाकीट खिशातच राहू द्या. मुख्यतः हे सांगायलाच लिहायला बसलोय. त्या फुकटच्या रोलने माझे 19,000 रुपये कसे खाल्ले, ते पुढे.

कॅमेरा ऑलिंपसचा म्यू-टू. 1997 सालचं मॉडेल, अमेरिकेत हाच ‘स्टायलस एपिक’ नावाने विकला जायचा. साबणाच्या वडीएवढा जीव. पुढचं झाकण सरकवलं की लेन्स डोकं बाहेर काढते. फोकस, उजेडाचा हिशोब, रोल पुढे ओढणं, संपल्यावर मागे गुंडाळणं, सगळं तोच करतो. आपल्याकडे लग्नाकार्यात, सहलीला जो याशिका एमएफ-टू किंवा कोडॅकचा केबी-टेन असायचा, त्यात फोकस कंपनीने ठरवून दिलेला, आणि रोल आपण अंगठ्याने फिरवायचा. म्यू-टूची लेन्स 35 मिलिमीटरची, एफ 2.8. एवढ्याशा कॅमेऱ्यात एवढी उजळ, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स, म्हणून लोक वेडे. त्याच नावाचे झूमवाले भाऊबंदही आहेत, पण त्यांची लेन्स मंद; संध्याकाळी घरात फोटो काढायला गेलात की फरक कळतो. जाहिरातीत मात्र सगळेच ‘म्यू-टू’ होतात, तेव्हा झूम आहे की नाही हे आधी बघायचं.

वापरणाऱ्यांची मतं मी बरेच महिने वाचत होतो. कौतुक सगळीकडे तेच: खिशात मावतो, फोटो धारदार येतात, पावसाच्या शिंतोड्यांना घाबरत नाही. तक्रारीही ठरलेल्या. झाकण लावून पुन्हा उघडलं की फ्लॅश परत आपोआप चालू, म्हणजे देवळात फ्लॅश नको असेल तर दर वेळी बटण दाबत बसा. डोळा लावायची खिडकी बारीक. मागच्या दाराला रोल दिसायची जी काच आहे, तिच्या कडेचा फोम इतक्या वर्षांत भुगा होतो आणि तिथून उजेड आत शिरतो. यातलं काहीही खोटं नाही. पण ही मतं ज्याने त्याने स्वतःच्या हातातल्या नगाबद्दल दिलेली असतात. 25 वर्षं कुणाच्या तरी कपाटात दमट हवा खात पडलेल्या दुसऱ्या नगाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने मला कौतुकाचे स्क्रीनशॉट तर पाठवलेच, वर तक्रारींचेही पाठवले. ‘दादा, फ्लॅशचं जरा कटकटीचं आहे हं, आधीच सांगतो. नंतर बोल नको.’ किरकोळ दोष आपल्या तोंडाने सांगणारा माणूस मोठा दोष लपवत असेल असं कुणाच्या मनात येतं? सोबत ‘याच कॅमेऱ्याचे’ म्हणून काही फोटो. त्यातले दोन अजून डोळ्यांसमोर आहेत: एक दीपमाळेचा, खालून वर बघत काढलेला, आणि एक पंचगंगेच्या घाटावर पाण्यात बसलेल्या म्हशींचा. फोटो झकास होते. दोन्हींच्या उजव्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख. या तारखेकडे पुढे येतो.

भेटायची जागा त्यानेच ठरवली, खरी कॉर्नरला कॅमेरा मानस्तंभाजवळ. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला, त्या गावात कॅमेऱ्याचा सौदा कॅमेऱ्याच्या स्मारकापाशी. गडी रसिक होता, हे मान्य करायला पाहिजे. पंचविशीतला, बोलायला गोड, अंगावर इस्त्रीचा शर्ट. 22,000 सांगितले, 19,000 वर तुटलं.

दाखवताना त्याने काहीही हातचं राखलं नाही, निदान तसं वाटलं. झाकण सरकवलं, लेन्स बाहेर आली. बटण अर्धं दाबल्यावर हिरवा दिवा लागला. पूर्ण दाबलं, फ्लॅश उडाला, मोटर ‘झूंऽ’ करून फिरली, पडद्यावरचा आकडा एकाने वाढला. मग माझ्या हातात दिला. ‘काढा की दादा दोन-चार. आत रोल हाय, माझ्याकडनं फुकट. हजाराचा रोल हाय.’ मी मानस्तंभाचे फोटो काढले. दर वेळी दिवा, फ्लॅश, मोटर, आकडा. मागचं दार उघडून आत बघायचं होतं, तसं मी म्हणालोही. त्यावर तो हसला. ‘उघडा, पण मग रोल गेला की हो! आत्ताच फोटो काढलाय न्हवं?’

फिल्मला उजेड लागला की ती खलास, हे खरंच आहे. रोल आत असताना दार उघडता येत नाही. आणि दार उघडल्याशिवाय फिल्मची जागा, फोम, मुख्य म्हणजे लेन्समागचं शटर (फोटो काढताना क्षणभर उघडून फिल्मवर उजेड सोडणारा पडदा), यातलं काही दिसत नाही. म्हणजे दार कुलूपबंद करायला त्याने कुलूप नाही, हजार रुपयांची भेट लावली होती.

या भेटीची दुसरी करामत वेळेची. मोबाईलवर किंवा डिजिटल कॅमेऱ्यात बिघाड असेल तर जागच्या जागी दिसतो. इथे 36 फोटोंचा रोल. आपण फिल्मवाले मुळात जपून फोटो काढणारे. एक रंकाळ्यावर, एक भवानी मंडपात, दोन पुतणीच्या वाढदिवसाला, असं करत रोल संपायला दिवस जातात. मग तो कुरिअरने मुंबईच्या लॅबला. तिथे सी-41 ची, म्हणजे रंगीत फिल्म धुण्याच्या रसायनांची, खेप लागेल तेव्हा धुणार, मग स्कॅन. एवढ्या अवधीत विकणाऱ्याला नंबर बदलायला, खातं रिकामं करायला भरपूर सवड मिळते.

लॅबचा फोन आला: ‘सर, रोल ब्लँक आहे.’ मी धुलाईवर संशय घेतला, तेव्हा त्यांनी पट्टीचा फोटो पाठवला. तो नीट बघण्यासारखा होता. पट्टीच्या कडेला कंपनीचं नाव आणि 1, 1ए, 2, 2ए असे आकडे स्वच्छ उमटलेले. हे आकडे कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात आणि धुतल्यावर दिसू लागतात. ते आले म्हणजे धुलाई बरोबर झाली. मधल्या चौकटी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कोऱ्या, नुसत्या केशरी. एकाही चौकटीवर उजेडाचा कण पडला नव्हता. कडेचे आकडेही आले नसते तर लॅबला बोल लावता आला असता. तुमच्यावर अशी वेळ आली तर लॅबशी भांडायच्या आधी कडा बघा.

त्याला मेसेज केला. त्या वेळेपर्यंत नंबर चालू होता. उत्तर तयारच होतं: ‘रोल एक्सपायर होता दादा, फुकटचाच होता. त्याला काय गॅरंटी? कॅमेरा ओके आहे, नवा रोल टाकून बघा.’ ही त्या भेटीची तिसरी करामत. शिळ्या रोलवर रंग फिके पडतात, दाणे मोठे दिसतात, सगळं धुरकट येतं. पण 36 च्या 36 चौकटी अशा लख्ख कोऱ्या येत नाहीत. आणि त्याचं ऐकून नवा रोल टाकला असता तर आणखी तेवढाच वेळ त्याला मिळाला असता. मी नाही म्हटल्यावर ब्लॉक.

भाऊसिंगजी रोडच्या मागच्या एका बोळात जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका बसतात. आता घड्याळं आणि रिमोटच जास्त येतात त्यांच्याकडे. त्यांनी कॅमेरा घेतला, काही न विचारता मागचं दार उघडलं, माझ्या मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या पुढ्यात धरायला लावला आणि मागून बघत बटण दाबलं. फ्लॅश उडाला, मोटर फिरली. मग कॅमेरा माझ्याकडे वळवून पुन्हा दाबलं. शटर चालू असतं तर लेन्सच्या मधोमध उजेडाचा ठिपका लखकन चमकून गेला असता. तिथे काळोख होता.

‘पडदा चिकटलाय,’ काका म्हणाले. ‘बाकीचं सगळं नाचतंय, पर डोळा उघडत न्हाई. कुणी मारला ह्यो गळ्यात?’

दुरुस्तीचं विचारलं तर म्हणाले, ‘भाग कुठनं आणू? दुसरा मेलेला ह्योच कॅमेरा आणा, त्यातनं काढून बघू.’ या कॅमेऱ्यांचे सुटे भाग आता बनत नाहीत, त्यामुळे एक जगवायला दुसरा मारावा लागतो. यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. त्या मानाने कॅमेऱ्याने आयुष्य काढलेलं होतं. दोष मेलेला नग जिवंत म्हणून विकणाऱ्याचा.

तारखेची गंमत काकांच्याच लक्षात आली. नमुन्याचे फोटो त्यांना दाखवले, तर त्यांनी बोटाने फोटोचा कोपरा दाखवला आणि कॅमेरा उलटा केला. म्यू-टूची तारीख छापणारी आवृत्ती वेगळी यायची, तिला मागे तारीख लावायची सोय असते. माझ्या कॅमेऱ्याची पाठ साधी. म्हणजे ती दीपमाळ आणि त्या म्हशी या कॅमेऱ्याने जन्मात बघितल्या नव्हत्या.

पैसे मी यूपीआयने दिले होते. नाव स्क्रीनवर भलतंच आलं होतं, त्यावर ‘मेव्हण्याचं खातं हाय, माझं लिमिट संपलंय’ हे उत्तर. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेल्या गेल्या 1930 ला फोन लावला तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, आणि उशीर होईल तशी ती कमी होत जाते. इथे फसलोय हेच रोल धुऊन आल्यावर कळलं, त्याआधीच पैसे पुढे निघून गेले होते. रोलचा तो अवधी पुन्हा त्याच्याच पथ्यावर पडला.

ओळखीत बोलल्यावर कळलं की सांगलीच्या एका कॉलेजच्या पोरालाही असाच ‘भरलेला’ कॅमेरा मिळालाय. मॉडेल दुसरं, गोष्ट हीच: आत रोल, फुकट, दार उघडू नका. एवढा उघड नमुना दिसल्यावर गप्प बसणं मला जमेना.

आता घेणाऱ्यांनी काय करायचं, तर रोल आत असेल तर तो आधी बाहेर काढायला सांगायचा. अर्धवट रोल मागे गुंडाळायला बहुतेक ऑटो कॅमेऱ्यांना एक बारीक, आत दबलेलं बटण असतं. पेनाच्या टोकाने दाबलं की मोटर रोल परत डबीत घेते. फोटो जात नाहीत, रोल मरत नाही. ‘रोल वाया जाईल’ ही सबब तिथेच संपते. विकणारा खरा असेल तर कुरकुरत का होईना, काढून देईल. मग दार उघडा, काकांसारखा टॉर्च धरा, ठिपका चमकतो का बघा. फोम बोटाला डांबरासारखा चिकटतोय का, बॅटरीच्या जागेत हिरवट गंज आहे का, तेही तिथेच कळतं. म्यू-टूला लागणारी सीआर123ए बॅटरी स्वतःची न्या, आणि खराब झालेला एखादा रोल लॅबवाल्याकडून मागून घ्या. तो घालून मोटर फिल्म खरोखर ओढते का ते पाहता येतं. हे सगळं पाच-दहा मिनिटांचं काम. नमुन्याचे फोटो बघायचेच तर स्कॅन नको, निगेटिव्हची पट्टी दाखवायला सांगा. आणि पैसे समोरच्या माणसाच्याच नावावर जातायत का, हे पिन टाकायच्या आधी वाचा.

माझ्या मते तर या भावात पंचवीस वर्षांचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा घेण्यापेक्षा घरातला याशिका पुसून बघावा. लेन्स सामान्य, पण बिघडायला त्यात फारसं काही नाही. ज्यांना नवाच हवा त्यांच्यासाठी पेंटॅक्सने 2024 मध्ये पेंटॅक्स 17 काढलाय. अर्ध्या चौकटीचा आहे, एका रोलमध्ये दुप्पट फोटो. महाग आहे, पण निदान बिल मिळतं.

परवा एका मित्राने विक्रीची एक जाहिरात पाठवली. नंबर नवा, नाव नवं, या वेळी कॅमेरा ‘पुण्याहून मागवलेला’. खाली नमुन्याचे फोटो: दीपमाळ, म्हशी, कोपऱ्यात केशरी तारीख. हे दोन फोटो तुम्हाला कुणी पाठवले, तर चॅट डिलीट करू नका. जाहिरात, नंबर आणि खात्याचं नाव यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि 1930 ला कळवा. माझ्या अर्जाला मीही ती जाहिरात जोडून आलोय.