द्विभाषी संविधान: बेळगावकरांनी घ्यावं का?

"एकदा सार्वमत घ्या, लागेल तो निकाल!" सीमाप्रश्न निघाला की हे वाक्य येतंच. संविधानात ते कुठे बसतं हे स्वतः तपासायचं असेल तर एका बाजूला इंग्रजी आणि दुसरीकडे मराठी अशी द्विभाषी प्रत घ्या. नुसती मराठी स्वस्त पडते, पण 'परंतुक' (अपवाद सांगणारी जोड), 'अनुसमर्थन' (ठरावाने मान्यता) आलं की गाडी अडते. शेजारी 'प्रोव्हायझो', 'रॅटिफिकेशन' दिसलं की सुटते.

पैसे देण्याआधी दुकानातच अनुच्छेद ३३०क (लोकसभेत महिलांसाठी राखीव जागा) उघडा. २०२३ ची १०६ वी दुरुस्ती तिथे किंवा तळटीपेत नसेल, तर प्रत जुनी आहे. बांधणीही बघा. द्विभाषी म्हणजे पानं दुप्पट. नुसती चिकटवलेली प्रत मधोमध उघडी ठेवली की पानं सुटतात. शिवलेलीच घ्या.

शब्दसूचीत 'सार्वमत' शोधत बसू नका, आधी अनुच्छेद ३ काढा. राज्याची सीमा संसद साध्या बहुमताने बदलते. विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस लागते, संबंधित विधानमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नाही. लगेच ४(२) वाचा, एवढासा खंड, बहुतेकजण उलटून जातात: असा कायदा अनुच्छेद ३६८ (घटनादुरुस्तीची पद्धत) पुरता घटनादुरुस्ती धरला जात नाही. म्हणजे सीमेसाठी दोन-तृतीयांशाचा हिशेब मांडणं चुकीचं.

तो हिशेब ३६८ चा. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान २७२ मतं हवीतच. शिवाय मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश: ४५० जणांनी मतदान केलं तर ३००. राज्यसभेतही तीच रीत. खुद्द ३६८ बदलायचा तर निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचं अनुसमर्थनही लागतं. मतदाराला कुठेच विचारत नाहीत. अमेरिकेतल्या ओहायोत विचारतात: राज्यघटना दुरुस्तीसाठी साध्या बहुमताऐवजी ६० टक्के मतांची अट घालायचा प्रस्ताव ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या मतदारांनीच पाडला.

मग शेजारच्या गोव्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर १६ जानेवारी १९६७ ला मतदारांचा कौल कसा घेतला? त्यासाठी संसदेने १९६६ मध्ये वेगळा कायदा केला होता. तो या पुस्तकात सापडणार नाही, आणि तळटिपांतही त्याचा माग लागत नाही. सीमाभागातल्या वाचकाला ही उणीव जाणवतेच.

कचेरीतल्या अर्जात मराठी वाक्यं उतरवू नका, अनुच्छेद आणि खंडाचा क्रमांक टाका. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्हींत आकडा तोच. फक्त अक्षर जपून: मराठीतलं ३३०क इंग्रजीत ३३०ए होतं.