ओटीपी जातो, टीसी जात नाही : ॲमेझॉन एसईएस वापरताना

जालन्याच्या एका लोखंड व्यापाऱ्याचे ॲप मी सांभाळतो. माल भरून ट्रक निघाला की गिऱ्हाइकाला बिल आणि सळईचे टेस्ट सर्टिफिकेट, ज्याला बाजारात नुसते ‘टीसी’ म्हणतात, मेलने जाते. काही साइटवरचे इंजिनिअर टीसी पाहिल्याशिवाय माल उतरवू देत नाहीत, त्यामुळे हा मेल अडला की ट्रकही अडतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ॲमेझॉन एसईएस या मेल पाठवण्याच्या सेवेवरचे हे काम उत्तर व्हर्जिनिया विभागातून, म्हणजे तिथल्या सर्व्हरवरून, मुंबई विभागात हलवले आणि पहिल्याच दुपारी परभणीच्या साइटवरून शेठजींना फोन आला. दुकानातल्या माणसांना लॉगिनचे ओटीपी मात्र सुरळीत येत होते, आणि त्यानेच आम्हाला दोन दिवस चकवले. चूक सर्वस्वी आमची होती. तरी ही सेवा घेऊ पाहणाऱ्यांना ती सविस्तर सांगणे मला किमतीच्या तक्त्यापेक्षा उपयोगाचे वाटते.

लॉगमध्ये पहिला आकडा ५३५ होता, म्हणजे सर्व्हरने आम्हाला ओळखलेच नव्हते. टीसीचे मेल एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या जुन्या प्रचलित पद्धतीने जातात. आयएएममध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या युजर आणि परवानग्या सांभाळणाऱ्या भागात, काढलेली सीक्रेट की मी जशीच्या तशी एसएमटीपी पासवर्डच्या जागी ठेवली होती. ओटीपी एपीआयमार्फत, म्हणजे ॲपने सेवेला थेट केलेल्या विनंतीने, जातो आणि तिथे ती की चालते; एसएमटीपीला मात्र तिच्यापासून गणिताने काढलेला वेगळा पासवर्ड लागतो, आणि त्या गणितात विभागाचे नावही मिसळलेले असते. दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो : सीक्रेट की ४० अक्षरांची असते, तर एसएमटीपी पासवर्ड ४४ अक्षरांचा असून इंग्रजी ‘बी’ने सुरू होतो. हे कळल्यावर मी घाईघाईने जुन्या फाइलीतला ४४ अक्षरी पासवर्ड डकवला. तो व्हर्जिनियाचा निघाला आणि पुन्हा ५३५ पदरी पडले. शेवटी मुंबईचे नाव घालून स्क्रिप्टने नवा पासवर्ड काढला, तेव्हा सर्व्हरने आत घेतले.

आत घेतले, पण मेल स्वीकारला नाही. आता आकडा ५५४ झाला होता आणि पुढे लिहिले होते की या युजरला ‘सेंड-रॉ-ईमेल’ची परवानगी नाही. आमच्या पॉलिसीत, म्हणजे युजरच्या परवानग्यांच्या यादीत, फक्त ‘सेंड-ईमेल’ होते, जे ओटीपीला पुरते. एसएमटीपीने जाणारा प्रत्येक मेल, त्याला पीडीएफ जोडलेली असो वा नसो, ‘सेंड-रॉ-ईमेल’च्या परवानगीखाली येतो. पासवर्ड कन्सोलवरून, म्हणजे ॲमेझॉनच्या वेबपानावरून, काढला असता तर त्यासाठी बनणाऱ्या नव्या युजरला ही परवानगी आपोआप मिळाली असती. स्क्रिप्टच्या आडवाटेने गेल्यामुळे ती राहिली. वैतागून मी त्या रात्री युजरला एसईएसचे सगळे अधिकार देऊन टाकले, हेही कबूल करतो. सकाळी ते काढून घेतले, नेमकी परवानगी लिहिली आणि मेल केवळ दुकानाच्या बिलिंगच्या पत्त्यावरूनच निघावा अशी अट घातली. ही अट पॉलिसीतच घालता येते, ही या सेवेची मला सर्वांत आवडलेली बाजू आहे.

तरीही टीसी गेली नाही. आकडा तोच, ५५४, पण यावेळी मजकूर निराळा होता : गिऱ्हाइकाचा पत्ता पडताळलेला नाही. प्रत्येक विभागात खाते आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीपुरत्या मर्यादित अवस्थेत, असते, जिथून २४ तासांत २०० मेल, सेकंदाला एक, आणि तेही पडताळलेल्या पत्त्यांवर किंवा डोमेनवरच जातात. व्हर्जिनियात आम्ही सँडबॉक्समधून कधीच बाहेर पडलो होतो. मुंबईसाठी वेगळा अर्ज करावा लागतो हे माझ्या ध्यानातच आले नाही. दुकानातल्या माणसांचे पत्ते आमच्याच पडताळलेल्या डोमेनवर असल्याने ओटीपी या तिन्ही अडचणींच्या बाहेर राहिला होता. अर्जात आम्ही कोणाला, कशासाठी आणि कोणाच्या संमतीने मेल पाठवतो ते लिहिले, आणि मंजुरी आल्यावर साचलेल्या टीसी गेल्या. तोवर मुनीमजी कागद स्कॅन करून व्हॉट्सॲपवर पाठवत होते.

हजार मेलला दहा सेंट आणि जोडलेल्या पीडीएफच्या आकाराचे थोडे वेगळे, एवढाच खर्च येतो. आमच्यासारख्या दुकानाला तो जाणवतही नाही. मात्र ज्यांच्याकडे लॉग उघडून वाचणारा माणूस नाही, त्यांना मी ही सेवा सुचवणार नाही. परत येणाऱ्या मेलचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवावे लागते आणि १० टक्क्यांच्या पुढे गेल्यास पाठवणेच थांबवले जाऊ शकते, म्हणून गिऱ्हाइकांचे चुकीचे पत्ते वेळच्या वेळी काढावे लागतात. एसईएसने मेल स्वीकारला म्हणजे तो पोहोचला असेही नव्हे. परत आलेल्या मेलची सूचना एसएनएस या ॲमेझॉनच्याच सूचना-सेवेमार्फत ॲपमध्ये घेण्याची सोय आहे, ती आम्ही जोडली. आता टीसी परत आली की मुनीमजींच्या पडद्यावर त्या बिलासमोर लाल खूण उमटते आणि ट्रक साइटवर पोहोचण्याआधी ते गिऱ्हाइकाला फोन लावून नवा पत्ता विचारून घेतात.